आधी हिशेब, मग वसुली

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव सोडून आळेफाट्याकडे निघाले की वाटेत जुन्नर तालुक्यातले पिंपळवंडी लागते. कुकडीच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या बागायतीचे हे गाव. ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो आणि या पिकांच्या मागून आलेले छोटे धंदे हे या साऱ्या पट्ट्याचे आजचे अर्थकारण आहे. पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, पोल्ट्री, शीतगृह, रस्त्याकडेचे हॉटेल, यांतल्या प्रत्येकाच्या हातात महिन्याला एक लाईटबिल पडते आणि त्यावर चालू आकड्याच्या जोडीला कधी कधी दुसरा एक आकडा असतो, मागील थकबाकीचा. हा शब्द विजेबरोबर गावात आलेला नाही. शेतसाऱ्याची थकबाकी, सावकाराची थकबाकी, सोसायटीची थकबाकी अशी तिची मोठी वंशावळ आहे आणि ती पुणे जिल्ह्यात दोनशे वर्षे मागे जाते. या इतिहासातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. न झेपणाऱ्या देण्यावर या मुलखाने दोन वाटा काढल्या. एक सरसकट सुटीची आणि दुसरी हिशेब तपासून हप्ते बांधून घेण्याची. पहिल्या वाटेची चर्चा फार होते. छोट्या धंदेवाल्याला मात्र आजवर दुसरीच वाट उपयोगी पडली आहे आणि ती आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी जमिनीची मोजणी हाती घेतली ती याच जिल्ह्यात. १८३० च्या आसपास पुण्याचा असिस्टंट कलेक्टर प्रिंगल याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर हे गणित चोख होते. प्रत्यक्षात इंदापूर भागात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले आणि थकबाकीचे डोंगर उभे राहिले. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सारा कमी करून तो तीस वर्षांसाठी कायम केला. हा बदल शेतकऱ्याच्या हिताचाच होता. पण त्यातही एक खोट राहून गेली. सारा जमिनीच्या सरासरी कुवतीवर बांधलेला होता, त्या वर्षीच्या पिकावर नव्हे. पाऊस पडो न पडो, कलेक्टरचा हप्ता ठरलेल्या तारखेला आणि रोखीतच हवा. ज्या वर्षी हातात रोकड नसे त्या वर्षी माणूस सावकाराकडे जाई. सरकारची थकबाकी मिटे आणि तीच रक्कम व्याजासकट सावकाराच्या खतावणीत जाऊन बसे. ठरलेले देणे आणि न ठरलेले उत्पन्न यांतले हे अंतर नीट ध्यानात घ्यायला हवे, कारण वीजबिलाची आजची अडचण नेमकी याच जागी आहे. नारायणगावच्या बाजारात २०२३ च्या जुलैत टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला आणि त्याच बाजारात तोडणीचा खर्चही निघत नाही असेही हंगाम येतात. त्या उत्पन्नावर चालणाऱ्या दुकानाचा स्थिर आकार मात्र बारा महिने तेवढाच असतो.

अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली, भाव पडले, तीस वर्षांचा करार संपलेल्या तालुक्यांत सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडला. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी दंगा झाला आणि तो जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात व नगर जिल्ह्यात पसरला. या दंग्याची एक खूण इतिहासकारांनी वारंवार नोंदवली आहे. लोकांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त होता. रोखे, गहाणखते, वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. याचा अर्थ मी असा घेतो की, देणे आहे हे लोकांना मान्य होते. देण्याचा आकडा कसा झाला, हे त्यांना कधीच पाहायला मिळाले नव्हते. त्यांचा राग होता तो त्या न दिसणाऱ्या हिशेबावर.

सरकारने नेमलेल्या आयोगालाही हे उमगले असावे, कारण त्यानंतर जो कायदा आला तो माफीचा नव्हता. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, म्हणजे जुन्नर आणि आंबेगावचा मुलूखही त्यात आला. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाण्याचे बंधन घातले: प्रत्यक्ष किती रक्कम दिली, व्याज किती, त्यात फेडलेले किती. मुद्दलाहून जास्त व्याज एका वेळी वसूल करता येत नाही, हा दामदुप्पटीचा जुना नियम मुंबई इलाख्यात होताच. हिशेब झाल्यावर जे देणे उरेल त्याचे हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तरतूद म्हणजे पैसे भरल्यावर लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काही वर्षे काम केले. कायदा निर्दोष नव्हता. सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली आणि कित्येकांच्या जमिनी त्या फटीतून गेल्या. तरी त्याने एक क्रम घालून दिला: आधी हिशेब, मग हप्ते आणि जप्ती अगदी शेवटी. दख्खनच्या अर्थजीवनाला एकोणिसाव्या शतकाने दिलेल्या चांगल्या गोष्टींत मी या क्रमाची गणना करतो.

विजेच्या आगमनाबरोबर हा क्रम पुन्हा शून्यापासून मांडावा लागला. १९१० च्या भारतीय वीज कायद्यात थकबाकीदाराचा पुरवठा तोडण्याआधी सात दिवसांची नोटीस पुरेशी होती. तेव्हाची वीज शहरांची आणि गिरण्यांची होती, त्यामुळे खेड्याला त्याची झळ नव्हती. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकांत कुकडी प्रकल्पाचे येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे हे पाच जलाशय उभे राहिले आणि या पट्ट्यात विहिरीवरच्या मोटेच्या जागी मोटर आली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळाने शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू केली. प्रत्येक बांधावर मीटर वाचणे महाग पडते हे त्यामागचे कारण खरे होते. पण त्या निर्णयाने एक मोठी गोष्ट हातची गेली. किती वीज वापरली, याची नोंदच उरली नाही. जळालेल्या वह्यांच्या ठिकाणी आता कधी न लिहिलेली वही आली. मीटर बसवलेल्या जोडण्यांवरही सरासरी रीडिंगची बिले निघत राहिली. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे तीन अश्वशक्तीच्या पंपाला पाच अश्वशक्तीचे बिल लागत असल्याची तक्रार अनेक वर्षे करत आले. राज्य सरकारने नेमलेल्या विश्वास पाठक समितीसाठी मुंबईच्या आयआयटीने केलेल्या पाहणीतही पंपांचा प्रत्यक्ष वापर दाखवला जातो त्यापेक्षा बराच कमी आढळला.

हिशेबच संशयास्पद झाला की उरते ती सूट. २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि २००५ मध्ये ती मागे घेतली गेली. कृषी संजीवनी नावाच्या योजना एकामागून एक आल्या. २०२० च्या कृषिपंप धोरणाच्या वेळी थकबाकी ४५ हजार कोटींच्या वर गेली होती आणि निर्लेखन, व्याज व विलंब आकारातील सूट मिळून सुमारे १५ हजार कोटी त्यातून वगळले गेले. पहिल्या वर्षी सुधारित थकबाकीचा निम्मा भाग भरणाऱ्याला उरलेला निम्मा माफ होता. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज देणारी बळीराजा योजना आली, मात्र ती चालू बिलांची आहे. जुनी थकबाकी तिने पुसलेली नाही. या आकड्यांकडे माझ्या दृष्टीने एकाच प्रकारे पाहता येते. एकूण येण्यापैकी तिसरा हिस्सा धोरणाच्या एका कागदाने नाहीसा होऊ शकतो, तर तो हिस्सा खरे येणे म्हणून इतकी वर्षे बिलावर का छापला जात होता? १८७९ चा न्यायाधीश हा प्रश्न पहिल्याच तारखेला विचारत असे.

आता गिरणीवाल्याकडे वळू. दुष्काळ जाहीर झाला की सरकारी सवलतींच्या यादीत दोन कलमे ठरलेली असतात. शेतीपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट आणि टंचाईग्रस्त गावांतल्या पंपांची जोडणी न तोडणे. ही जुन्या शेतसाऱ्याच्या तहकुबीची आणि सुटीची थेट वारस आहे. तिचे मोजमापही पैसेवारीच्याच परंपरेतले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या चाळीस दुष्काळी तालुक्यांत शिरूर होता, जुन्नर नव्हता. म्हणजे त्या यादीपुरती तालुक्याची शीव ओलांडली की सवलत संपत होती. पण शिवेच्या अलीकडे असो की पलीकडे, पिठाची गिरणी त्या यादीत कुठेच नाही. शेतात धान्य आले नाही तर दळण येत नाही, हे कुणालाही समजते. तरी पिकाला पैसेवारी आहे, दळणाला नाही. उलट गिरणीवाल्याच्या दरात शेतीच्या स्वस्त विजेचा भार मिसळलेला असतो, कारण औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांकडून जास्त दर घेऊन शेतीचा दर खाली ठेवण्याची पद्धत राज्यात रुजलेली आहे. चाकणच्या कांदा आंदोलनापासून याच पुणे-नाशिक रस्त्यावर कर्जमुक्तीची भाषा बोलली गेली आणि शेतमालाचा भाव पाडला जातो म्हणून शेतकऱ्याचे देणे फिटत नाही, हा तिच्यामागचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. पण छोट्या धंदेवाल्यामागे ना तशी संघटना उभी राहिली, ना तसा मतांचा गठ्ठा. त्याला माफीची वाट पाहून चालत नाही.

त्याच्या हाती जे आहे ते २००३ च्या विद्युत कायद्यात आहे आणि ते वाचताना १८७९ च्या कायद्याचा सूर ऐकू येतो. कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस हवी. सातचे पंधरा व्हायला नव्वदहून अधिक वर्षे लागली. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहक निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरू शकतो आणि वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. एखादी रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली आणि ती थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल, तर तीही या कलमाखाली वसूल करता येत नाही. कलम ४२ खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. मंचापुढे ग्राहक स्वतः उभा राहू शकतो, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. दरांची वर्गवारी हाही हिशेबाचाच भाग आहे. पिठाची गिरणी, डाळ मिल, मसाला कांडप हे राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात लघुदाब औद्योगिक वर्गात येतात. शेतमालाचे शीतगृह आणि पोल्ट्री शेती-इतर वर्गात येतात. यांपैकी कुणाला व्यापारी दराने बिल लागत असेल, तर त्याच्या थकबाकीचा काही भाग मुळात त्याचे देणेच नाही. दामदुप्पटीसारखी मर्यादा मात्र वीजबिलाच्या व्याजाला घातलेली नाही. वेळ चुकली की सव्वा टक्का विलंब आकार आणि पुढे त्यावर व्याज चढत जाते. ही उणीव भरून निघायला हवी असे माझे ठाम मत आहे.

कलम ५६ कागदावरच राहते, प्रत्यक्षात वायरमन येऊन वायर काढून जातो, असा पहिला आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. २०२१ आणि २०२२ च्या वसुली मोहिमांत शेतीचे पूर्ण रोहित्र बंद केल्याच्या बातम्या राज्यभरातून येत होत्या. अशा वेळी नियमित भरणाऱ्याचीही मोटर थांबते आणि नोटिशीला काही अर्थच उरत नाही. पण त्याच काळातला दुसरा पुरावाही पाहावा लागेल. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद असताना राज्य वीज नियामक आयोगाने औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांच्या स्थिर आकाराची वसुली तीन महिन्यांसाठी पुढे ढकलली. हीसुद्धा तहकुबीच होती, शेतसाऱ्याची नव्हे तर धंद्याची. जूनमध्ये मीटर न वाचता दिलेल्या बिलांची बेरीज एकदम हातात पडली तेव्हा तीन हप्त्यांची सोय करावी लागली. सरसकट सुटीची मागणी जोरात झाली, ती मिळाली नाही. पुढे ढकललेले देणे आणि बांधलेले हप्ते तेवढे मिळाले. सरकारची तिजोरी रिकामी असतानाही जे देता येते, ते मिळाले.

दुसरा आक्षेप वीज कंपनीच्या बाजूचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाली. तिलाही वीज विकत घ्यावी लागते. प्रत्येकाने हप्ते मागितले तर कोळशाचे पैसे कुठून येणार आणि वेळेवर भरणाऱ्याने मूर्ख का ठरावे? वेळेवर भरणाऱ्यावर खरा अन्याय माफी करते, कारण तिच्यात थांबणाऱ्याला बक्षीस मिळते. २००४ पासूनच्या योजनांनी हेच शिकवले की पुढची योजना येईपर्यंत भरू नये. हप्त्यात मुद्दल सुटत नाही आणि चालू बिल भरतच राहावे लागते. शिवाय तुटलेल्या जोडणीवरून कंपनीला काहीच मिळत नाही. याची कबुली तिच्याच अभय योजनांत आहे. २०२२ ची विलासराव देशमुख अभय योजना आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली अभय योजना, दोन्ही शेतीखेरीज इतर कायमस्वरूपी खंडित ग्राहकांसाठी होत्या. व्याज आणि विलंब आकार माफ, एकरकमी भरल्यास लघुदाब ग्राहकाला मुद्दलात आणखी दहा टक्के सूट, नाहीतर तीस टक्के आधी आणि उरलेले सहा हप्त्यांत. धंदा बंद पडून वायर काढल्यानंतर जी सवलत देता येते, ती धंदा चालू असताना दिली असती तर गिरणीही राहिली असती आणि ग्राहकही. जोडणी आधी तोडायची आणि हप्ते नंतर बांधायचे, हा १८७९ चा क्रम उलटा केल्यासारखा आहे.

कायम खंडित झालेल्या जोडणीचे ओझे दुसऱ्यावरही पडते. राज्याच्या पुरवठा संहितेप्रमाणे जागेवरची थकबाकी नव्या मालकाकडे किंवा वापरणाऱ्याकडे येते, वारसदार वगळता जास्तीत जास्त सहा महिन्यांची. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणांत अशी तरतूद वैध ठरवली आणि कलम ५६ ची दोन वर्षांची मुदत संपली तरी दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो, हेही सांगितले. तेव्हा महामार्गालगत गाळा भाड्याने घेणाऱ्याने भाडेकराराइतकेच मागच्या बिलाकडे पाहायला हवे आणि थकबाकी दोन वर्षे लपवून ठेवली की ती मिटते, या समजुतीवर विसंबू नये.

तक्रार करायला छोट्या माणसाला वेळ आणि बळ कुठे आहे, हा शेवटचा प्रश्न खरोखर अवघड आहे. सावकाराच्या काळी कायद्याने दिलेले पासबुक अनेकांनी मागितलेच नाही, कारण मागितले तर पुढचे कर्ज बंद होईल ही भीती होती. आज उपविभागीय कार्यालयात अर्ज दिला तर वायरमन नाराज होईल, अशी तीच भीती वेगळ्या रूपात आहे. ती एकट्याने जात नाही. एका गावातल्या दहा गिरणीवाल्यांनी, पोल्ट्रीवाल्यांनी मिळून वर्गवारी तपासून घेतली, एकाच दिवशी अर्ज दिले, तर तिचा जोर कमी होतो. ग्रामपंचायतीने आणि व्यापाऱ्यांच्या संघांनी हे काम अंगावर घ्यावे. बिल न झेपणारे आले तर नोटिशीची वाट पाहू नका. मागच्या बारा महिन्यांची रीडिंगे काढा, वर्गवारी बघा, जेवढे खरे देणे आहे त्याचे हप्ते लेखी मागा, चालू बिल भरत राहा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या.